विषय आणि क्षमता : पदवीच्या नोंदींची चिकित्सा

मराठीच्या पदव्युत्तर गुणपत्रकावर पाच-सहा नावे ओळीने छापलेली असतात : मध्ययुगीन मराठी वाङ्मय, साहित्यशास्त्र, भाषाविज्ञान, मोडी लिपी, भाषांतरविद्या आणि एखाद्या विशेष ग्रंथकाराचा अभ्यास. गुणपत्रक केवळ कागदावर होते तोवर ही नावे कोणत्या जातीची आहेत, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. प्राध्यापकाला आणि परीक्षकाला त्यांमागचा अभ्यासक्रम ठाऊक असे. ज्याला ठाऊक नसे तो विचारून घेई. आता ही गुणपत्रके संगणकीय नोंदींत उतरू लागली आहेत आणि त्या नोंदी 'स्वच्छ' करण्याचे, म्हणजे एकसारख्या साच्यात बसविण्याचे, काम त्याबरोबर आले आहे. या कामात सर्वांत सोपा मार्ग असा, की गुणपत्रकावरील सारी नावे उचलावीत आणि 'कौशल्ये' या एका रकान्यात ठेवावीत. तसे केले की ज्ञानेश्वरी हे कौशल्य होते, अलंकार हे कौशल्य होते आणि एकोणिसावे शतक हेही कौशल्य होते. नोंद स्वच्छ दिसते. परंतु तिचा अर्थ नाहीसा झालेला असतो.

हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटेल. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असेही कोणी म्हणेल. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकांखेरीज अन्य कोणी तो नीट सोडवू शकणार नाही, आणि त्यांनी तो सोडविला नाही तर त्याची झळ प्रथम त्यांच्याच विद्यार्थ्यांना लागेल, असे दाखविता येते.

प्रथम परिस्थिती पाहावी. पदव्या आणि गुणपत्रके साठविणारी 'नॅशनल अॅकॅडेमिक डिपॉझिटरी' ही व्यवस्था आता डिजिलॉकरच्या द्वारे चालते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांच्या संचयाची कल्पना मांडली आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे विनियम काढले. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षाचे १२०० अध्ययनतास आणि त्यांचे ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांस एक श्रेयांक, असे माप ठरले. एका विद्यापीठातील श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत, हा यामागील हेतू स्वागतार्ह आहे. तथापि श्रेयांक हे मुख्यत्वे काळाचे माप आहे, हे विसरून चालणार नाही. विद्यार्थ्याने एका विषयाच्या सहवासात किती तास घालविले, हे श्रेयांक सांगतो. त्या सहवासातून त्याला काय करता येऊ लागले, हे सांगण्यासाठी निराळी नोंद लागते. ही निराळी नोंद जेथे मुळातच नव्हती तेथे विषयाच्या नावावरून ती तयार करण्याचा मोह होतो. सगळा घोटाळा या मोहातून निर्माण होतो.

विषय म्हणजे ज्याविषयी शिकावयाचे ते. क्षमता म्हणजे शिकल्यावर जे करता येते ते. भेद इतका साधा आहे की तो सांगण्याची गरज भासू नये. परंतु शिक्षणशास्त्रालाही तो निखळपणे मांडावयास काही दशके लागली. बेंजामिन ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे जे वर्गीकरण केले त्यात 'ज्ञान' या पहिल्याच वर्गात दोन गोष्टींची सरमिसळ होती : जे आठवावयाचे ती सामग्री आणि आठवण्याची क्रिया. लॉरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली २००१ मध्ये या वर्गीकरणाची जी सुधारित आवृत्ती निघाली तिने ही सरमिसळ दूर केली. उद्दिष्टाच्या वाक्यातील नाम एका अक्षावर गेले आणि क्रियापद दुसऱ्या अक्षावर. युरोपीय आयोगाच्या 'एस्को' या वर्गीकरणात प्रत्येक संज्ञा ज्ञानाच्या प्रकारातील की कौशल्य-क्षमतेच्या, हे दर्शविलेले असते. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या 'ओ-नेट' या व्यवसायकोशातही ज्ञान, कौशल्य आणि अंगभूत क्षमता हे तीन स्वतंत्र विभाग आहेत. ज्या व्यवस्थांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला त्यांनी दोन रकाने ठेवले, हे यावरून दिसते.

नाम आणि क्रियापद यांच्या आधारे केलेला हा भेद भारतीय अभ्यासकाला परका वाटू नये. यास्काने निरुक्ताच्या आरंभीच नाम आणि आख्यात यांतील भेद सांगितला आहे, आणि तो सत्त्व व भाव यांपैकी कशाला प्राधान्य आहे यावर उभा केला आहे. त्यापुढील त्याचे निरीक्षण प्रस्तुत प्रश्नाला अधिक उपयोगी आहे. क्रिया आरंभापासून अखेरपर्यंत घडत असताना ती आख्यातानेच सांगितली जाते. पण तीच क्रिया जणू घट्ट होऊन वस्तुरूप पावली की तिला नाम मिळते. 'व्रज्या' आणि 'पक्ती' ही त्याची उदाहरणे. जाणे आणि शिजविणे या क्रिया तेथे नामाच्या वेषात वावरतात.

गुणपत्रकांच्या नोंदींतील खरी अडचण या वेषांतराची आहे. 'मध्ययुगीन मराठी वाङ्मय' हा विषय आहे, हे कोणीही सांगेल. 'अर्वाचीन बंगाली कादंबरी' किंवा 'संगम साहित्य' यांविषयीही संशय नाही. परंतु 'भाषांतर', 'संपादन', 'लिप्यंतर', 'समीक्षा', 'पाठचिकित्सा' या नावांचे काय करावे? व्याकरणदृष्ट्या ती नामे आहेत. त्यांच्या पोटात मात्र क्रिया आहे. 'भाषांतर' या नावाच्या अभ्यासपत्रिकेत एका विद्यापीठात भाषांतराचे सिद्धान्त आणि इतिहास शिकविला जात असेल. दुसऱ्या विद्यापीठात विद्यार्थ्याला सहा महिन्यांत कन्नडातील चार कथा मराठीत आणाव्या लागत असतील. दोन्ही गुणपत्रकांवर शब्द एकच. पहिल्या विद्यार्थ्याला भाषांतराविषयी बरेच काही माहीत आहे. दुसऱ्याला भाषांतर करता येते, निदान त्याने ते केले आहे. नाव नाम आहे की क्रियावाचक आहे, एवढे पाहून हा निर्णय लागत नाही. शब्दाच्या मागे जाऊन त्या ठिकाणी प्रत्यक्ष काय घडले, हे पाहावे लागते.

मराठी भाषेने या तपासणीचे एक साधन स्वतःजवळ बाळगले आहे. ते म्हणजे '-ता येणे' हा प्रयोग. 'त्याला मोडीविषयी माहिती आहे' आणि 'त्याला मोडी वाचता येते' या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. गुणपत्रकावरील नाव या प्रयोगात बसवून पाहिले की त्याची जात पुष्कळदा उघड होते. 'त्याला एकोणिसावे शतक येते' हे वाक्य उभेच राहत नाही. 'त्याला ज्ञानेश्वरी येते' हे उभे राहते, पण ते ज्ञानेश्वरी मुखोद्गत असल्याचे सांगते आणि अभ्यासपत्रिकेचा तो हेतू नसतो. 'त्याला छंद येतात' हे अर्धवट उभे राहते आणि लगेच पुढचा प्रश्न विचारावयास भाग पाडते : ओळखता येतात, की रचता येतात? ज्याठिकाणी असा प्रश्न उपस्थित होतो त्याठिकाणी क्षमतेच्या रकान्यात काही लिहिण्यास अवकाश आहे. ज्याठिकाणी तो उपस्थितच होत नाही तेथे विषयाचे नाव विषय म्हणूनच ठेवावे.

क्रियापद जोडले म्हणजे क्षमता झाली, असा मात्र समज होऊ नये. अलीकडे अभ्यासक्रमांच्या आरंभी अपेक्षित फलिते लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे. 'विद्यार्थ्यांना मध्ययुगीन वाङ्मयाचा परिचय होईल', 'साहित्यप्रकारांचे आकलन होईल', 'भाषेविषयी अभिरुची वाढेल' अशा धर्तीची ती वाक्ये असतात. यांत क्रियापद आहे, क्षमता नाही. परिचय होणे, आकलन होणे, जाणीव निर्माण होणे ही क्रियापदे विषयाच्या नावाला लावलेले शेपूट होत. ती काढून टाकली तरी माहितीत उणेपणा येत नाही, आणि ठेवली तर काही भर पडत नाही. खऱ्या क्षमतेच्या वाक्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : कोणती क्रिया, कोणत्या सामग्रीवर, आणि ती झाली हे दुसऱ्या कोणी कशावरून पडताळले. 'अठराव्या शतकातील मोडी पत्राचे देवनागरीत लिप्यंतर करता येते. न पाहिलेल्या पत्राचे लिप्यंतर परीक्षेत करून घेतले' हे वाक्य या कसोटीस उतरते. 'मोडी लिपीचे ज्ञान आहे' हे उतरत नाही.

मोडीचे उदाहरण येथे सहज आलेले नाही. विषय आणि क्षमता यांची गल्लत किती महागात पडते, हे त्यावरून प्रत्यक्ष दिसते. मोडीची वर्णमाला शिकणे आणि मोडी कागद वाचणे यांत फार मोठे अंतर आहे. मोडी लेखनात हात शक्यतो न उचलता ओळ पुढे नेली जाते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले असतात, आणि शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणे एकमेकांहून भिन्न आहेत. कागदावर सुहूर सन असेल तर तो अरबी संख्यावाचक शब्दांत दिलेला असतो. तो ओळखून, त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. दरबारी कागदांतील फारसी शब्दही जाणावे लागतात. म्हणजे 'मोडी लिपी' या दोन शब्दांच्या मागे निदान चार-पाच वेगवेगळ्या क्षमता आहेत, आणि त्यांपैकी एक असलेल्याजवळ दुसरी असेलच, असे नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठी सेवानिवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या दप्तरांपैकी पुष्कळ मोडीत असल्यामुळे ती वाचणाऱ्यांची निकड एकाएकी जाणवली. अशा वेळी जो नोंदसाठा 'मोडी लिपी' हे नाव असलेल्या सर्वांना एकाच रांगेत उभे करील तो कुचकामी ठरतो. एका सत्रात लिपीच्या उगमावर टीप लिहून उत्तीर्ण झालेला पदवीधर आणि दहा वर्षे रुमाल सोडून कागद वाचणारा जाणकार त्याच्या लेखी समान असतात. या नोंदींच्या वाचनावर माणसांचे दाखले आणि हक्क अवलंबून असतात. एका अक्षराच्या चुकीच्या वाचनाने एखादे कुटुंब नोंदीच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते.

महाराष्ट्राबाहेर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीचे मोडी कागद आहेत. त्यांवर काम करणाऱ्याला मोडी वाचता यावी लागते, दक्षिणेतील मराठीची घडण ओळखता यावी लागते आणि कागदांत येणारी तमिळ नावे व शब्दही उलगडता यावे लागतात. अशा माणसाजवळ मराठीची पदवी असेलच, असे नाही. ती तमिळची किंवा इतिहासाचीही असू शकेल. उलट मराठीची उत्तम पदवी असणाऱ्याला यांपैकी एकही गोष्ट येत नसेल. विषयाच्या नावाने शोध घेणारा येथे योग्य माणसाला गाळील आणि अयोग्य माणसाला निवडील. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी दप्तरांनाही हे लागू आहे. ग्रंथ, शारदा, नेवारी अशा लिप्यांतील हस्तलिखितांविषयी तर ते अधिक तीव्रतेने म्हणता येईल. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये स्थापन झाले. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याचा संकल्प सोडण्यात आला. एवढी हस्तलिखिते वाचणार कोण, या प्रश्नाचे उत्तर पदव्यांच्या नोंदींत शोधले जाईल. त्या वेळी 'हस्तलिखितशास्त्र' या शब्दासमोर काय लिहिलेले आढळेल, यावर बरेच काही अवलंबून आहे.

मग नोंदी स्वच्छ करावयाच्या कशा? या बाबतीत पाठचिकित्सेची परंपरा उत्तम मार्गदर्शक ठरावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यातील आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि मूळ संहितेचे काम १९६६ मध्ये संपले. हस्तलिखितांचा आधार नसलेला, केवळ अनुमानाने सुचविलेला पाठ संहितेत घेताना या आवृत्तीत कमालीचा संयम पाळलेला आहे. जेथे असा पाठ घेतला तेथे खूण केलेली आहे. जेथे संहिता पुरेशी निश्चित नाही तेथे ती अनिश्चितता अक्षरांखालील नागमोडी रेघेने दाखविलेली आहे. नाकारलेले पाठभेद फेकून दिलेले नाहीत, ते तळाशी दिले आहेत. संपादकाचा निर्णय पुढच्या वाचकाला तपासता यावा, अशी ही योजना आहे.

पदवीच्या नोंदी हीसुद्धा एक संहिता आहे आणि ती अनेक हातांनी लिहिलेली आहे. तिला हे नियम लावले तर काय निघते, ते पाहावे. गुणपत्रकावर मूळ जे नाव छापलेले होते ते कधीही पुसू नये. प्रमाणित नाव त्याच्या शेजारी द्यावे. 'मध्ययुगीन मराठी वाङ्मय' आणि 'प्राचीन मराठी वाङ्मय' ही नावे एक करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी नेमलेली पुस्तके पाहावीत, कारण नावांतील साम्य किंवा भेद दोन्ही फसवे असू शकतात. विषयावरून क्षमता अनुमानाने काढावयाची असेल तर ते अनुमान आहे, अशी खूण तिच्यावर असावी आणि ते कोणी, कशावरून केले हे लिहावे. आधारच नसेल तर क्षमतेचा रकाना रिकामा ठेवावा. भरलेल्या रकान्यांच्या संख्येवरून कामाचे यश मोजणाऱ्यांना हा शेवटचा नियम रुचणार नाही. तथापि निराधार पाठाने भरलेली संहिता ही खंडित संहितेपेक्षा अधिक भ्रष्ट असते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला सांगावयास नको.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा येईल, की रिकाम्या रकान्याने माणसाचे नुकसान होते. ज्याने १९८५ मध्ये पदवी घेतली त्याच्या गुणपत्रकावर क्षमतेची नोंद असणे शक्यच नव्हते. तो आज उत्तम संपादक असेल, उत्तम मोडीवाचक असेल. यंत्राच्या शोधात मात्र तो सापडणार नाही, आणि कालपरवाचा एखादा नवपदवीधर, ज्याच्या नोंदीत वाक्ये सफाईने भरलेली आहेत, त्याच्यापुढे जाईल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची वासलात सहज लावता येणार नाही. परंतु त्यावरील उपाय खोटा रकाना भरणे हा नव्हे. रिकामेपणाचे दोन प्रकार वेगळे करणे, हा तो उपाय आहे. भारतीय ज्ञानमीमांसेत अनुपलब्धीची चर्चा झाली आहे. भूमीवर घट नाही, हे कळते केव्हा? घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधारात घट दिसला नाही, यावरून घट नाही असे ठरत नाही. जुन्या गुणपत्रकांचा क्षमतेचा रकाना हा अंधारातील भूमीसारखा आहे. तेथे 'नाही' असे न लिहिता 'नोंदविलेले नाही' असे लिहिले पाहिजे, आणि शोध घेणाऱ्या यंत्रणेने अशा माणसांना वगळता कामा नये, तर त्यांची निराळी यादी करून विचारणा केली पाहिजे. त्याबरोबरच, ज्यांना आपली क्षमता दाखवावयाची आहे त्यांची परीक्षा घेऊन नवी नोंद करण्याची सोय भाषाविभागांनी ठेवली पाहिजे. जुन्या पदवीवर नवे शब्द चिकटविण्यापेक्षा हा मार्ग अधिक कष्टाचा आहे. पण तोच न्याय्य आहे.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. क्षमतेची ही भाषा उद्योगांच्या जगातून आली आहे. तुकारामाची गाथा वाचून काय 'करता येते' हे विचारणे हा गाथेचा अपमान आहे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. त्यांच्या अस्वस्थतेत तथ्य आहे. परंतु तीतून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. गाथेला 'कौशल्ये' या रकान्यात कोंबले जाते ते विषय आणि क्षमता यांत भेद न केल्यामुळे. भेद केला तर गाथा विषयाच्या रकान्यात आपल्या नावाने आणि मानाने राहते. तिला उपयुक्ततेचा परवाना काढावा लागत नाही. एखाद्या पिढीने कोणते ग्रंथ वाचले, कोणते ग्रंथकार तिच्या अभ्यासक्रमातून गळले, दलित साहित्य किंवा स्त्रियांचे लेखन केव्हा आणि कोठे अभ्यासक्रमात आले, हा सगळा इतिहास विषयांच्या नावांत साठलेला आहे. उद्या कोणी सर्व नावे पुसून त्यांच्या जागी 'विश्लेषणक्षमता' आणि 'संवादकौशल्य' असे दोन शब्द लिहिले तर भारतीय भाषांच्या अध्यापनाच्या इतिहासाचे एक मूल्यवान साधन नष्ट होईल. सर्व पदव्यांना लागू पडणारे हे शब्द कोणत्याही एका पदवीविषयी काहीच सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. साहित्याच्या अभ्यासातून जे सर्वांत मोलाचे निपजते ते पुष्कळदा कोणत्याही रकान्यात बसत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने ज्याला सहृदय म्हटले त्याची सहृदयता श्रेयांकांत मोजता येत नाही, आणि '-ता येणे' या प्रयोगात ती बसविण्याचा यत्न हास्यास्पद ठरेल. जे मोजता येत नाही ते नाही असे समजू नये, आणि ते मोजल्याचा आवही आणू नये. नोंद ही माणसाची संपूर्ण ओळख नव्हे, एवढे भान नोंद ठेवणाराजवळ असले म्हणजे पुरे.

शेवटी हे काम करावयाचे कोणी, हा प्रश्न उरतो. संगणकविभागाकडे किंवा परीक्षाविभागाकडे ते सोपविले तर त्यांच्यासमोर केवळ नावे असतील आणि नावांवरून ते जे करू शकतात तेच करतील. भाषाविभागांजवळ नावांच्या मागचे पुरावे आहेत. त्यांतील सर्वांत विश्वसनीय पुरावा अभ्यासक्रमाच्या प्रास्ताविकात सापडत नाही. तो जुन्या प्रश्नपत्रिकेत सापडतो. 'मोडी लिपीच्या उगमाविषयीच्या मतांचा परामर्श घ्या' असा प्रश्न असेल तर उत्तीर्ण विद्यार्थ्याच्या नावापुढे विषय लिहावा. 'सोबतच्या मोडी उताऱ्याचे देवनागरीत लिप्यंतर करा' असा प्रश्न असेल आणि त्यात विद्यार्थी उत्तीर्ण झालेला असेल तर क्षमता लिहावी, आणि उतारा कोणत्या काळातील होता हेही लिहावे. प्रश्नपत्रिका सांगते त्याहून अधिक लिहू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय केंद्र शासनाने केला. त्यामुळे प्राचीन ग्रंथ, हस्तलिखिते आणि लिप्या यांवरील नवे अभ्यासक्रम आणि नवी प्रमाणपत्रे निघतील, अशी अपेक्षा बाळगता येते. त्या प्रमाणपत्रांवर दोन रकाने पहिल्याच दिवसापासून वेगळे ठेवणे मुळीच कठीण नाही. जुन्या नोंदींची चिकित्सा करण्यास मात्र प्रत्येक विभागात प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सोडून बसणारी दोन-तीन माणसे लागतील. असे गठ्ठे अद्याप शिल्लक आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.